निम्म्या अळ्यांवर चंद्रकोर, निम्म्या कोऱ्या, आणि काही चक्क काचेसारख्या: हा काय प्रकार आहे?

तुतीपान
मंडळी, रेशीम अळीच्या दुबार (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या) संकरित वाणाची बॅच चालू आहे. पाचवी म्हणजे अळीची शेवटची अवस्था, आज तिसरा दिवस. इतकी वर्षं अळ्या हाताखालून गेल्या, पण अंगावरच्या नक्षीकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. काल फांद्या टाकताना सहज लक्ष गेलं. निम्म्या अळ्या कोऱ्या पांढऱ्या आहेत. उरलेल्यांच्या डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन ठिपके, पाचव्या खंडावर समोरासमोर दोन करड्या चंद्रकोरी, आणि आठव्या खंडावर अगदी फिकट ठिपक्यांची जोडी.

रॅकच्या एका कप्प्यावरच्या अळ्या मोजल्या. नक्षीच्या २०७, कोऱ्या १९८. आता हा योगायोग म्हणायचा का?

दुसरी गोष्ट याहून विचित्र. रॅकच्या एकाच कोपऱ्यात साठ-सत्तर अळ्या तेलात बुडवून काढल्यासारख्या दिसत होत्या. कातडीतून आतली पाठीवरची नळी धडधडताना दिसते, पोटातला हिरवा पाला दिसतो. ग्रासरी (अळ्यांचा विषाणूजन्य रोग) समजून मी बहुतेक चुन्यात टाकल्या. नंतर शंका आली म्हणून बारा-तेरा वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत. त्या मजेत पाला खात आहेत.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चॉकीवाली
ग्रासरी नसणार. ग्रासरीची अळी खात नाही, रॅकच्या कडेकडेने सैरावैरा फिरते, खंडांच्या मधे फुगते. पायाला टाचणी लावली की दुधासारखं पाणी येतं. तुमच्या त्या डब्यातल्या एकीला टोचून बघा. स्वच्छ पाणी आलं तर बाकीच्यांना सुखाने जगू द्या.

आणि मोल्टच्या (कात टाकण्याच्या) आधीची चमक किंवा पिकलेल्या, म्हणजे कोष करायला आलेल्या अळीची पिवळसर पारदर्शक कांती, यांच्याशी गल्लत नको. तिसऱ्या दिवशी अळी पिकत नाही.

शंकासुर
रंग खाण्यावर अवलंबून असतो ना? गुलाबी रंग चोपडलेला पाला घातला की अळी गुलाबी होते आणि रेशीमही गुलाबी निघतं, असा व्हिडिओ पाहिलाय. तुमच्या पाल्यातच काहीतरी असेल.

तुतीपान
ताई, टोचून पाहिलं. पाणी स्वच्छ. पन्नासेक जणींचा खून माझ्या माथी.

शंकासुर, पाला सगळ्यांना एकाच बागेतला. एका पानावर शेजारी शेजारी बसून एक कोरी आणि एक नक्षीची होत असेल तर दोष पाल्याचा कसा?

गुणसूत्र२८
वा, झकास धागा. माझ्या आयडीचं सार्थक होण्याची वेळ आली (रेशीम अळीच्या गुणसूत्रांच्या जोड्या २८).

रंग चोपडून अळी गुलाबी होते हे खरं, पण ते होळी खेळून आल्यासारखं. तिच्या पिल्लांत एक थेंब उतरत नाही. तुतीपान यांच्याकडे जे दिसतंय ते जनुकांतलं आहे. आणि दोन प्रकार आहेत, दोघांची कारणं वेगळी.

आधी नक्षी. दुसऱ्या गुणसूत्रावर 'पी' नावाची जागा आहे. तिथे कोणता पर्याय बसलाय त्यावर अळी कोरी, नेहमीच्या नक्षीची, पट्टेदार की जवळजवळ काळी, हे ठरतं. असे पंधराच्या आसपास पर्याय माहीत आहेत. शंभर वर्षं ही नुसती नकाशावरची एक खूण होती. २०१४ मध्ये जपानी गटाने दाखवलं की तिथे 'अ‍ॅपॉन्टिक-लाइक' नावाचं जनुक आहे. हे जनुक स्वतः रंग करत नाही, ते मुकादम आहे. कातडीच्या ज्या पेशीत ते जागं होतं तिथे काळा रंग बनवणाऱ्या जनुकांना कामाला लावतं. कोऱ्या अळीत मुकादम कामाला येतच नाही. पट्टेदार अळीत तो पट्ट्याच्या जागी हजर असतो, मधल्या पांढऱ्या जागी गैरहजर.

आता तुमचा निम्मे-निम्मे. तुमचं बियाणं संकरित, म्हणजे दोन स्थिर वाणांची पहिली पिढी. आई नक्षीची आणि बाप कोरा असेल तर पहिल्या पिढीत *सगळ्या* अळ्या नक्षीच्या यायला हव्यात, कारण नक्षी कोरेपणावर भारी पडते. दोघंही कोरे असतील तर सगळ्या कोऱ्या. बरोबर अर्ध्याला अर्ध्या येतात याचा सरळ अर्थ एकच सुचतो. तो मी सांगत नाही. दहा-बारा दिवसांनी दोन्हींचे वीस-वीस कोष कापा आणि आतलं लिंग पाहा.

चॉकीवाली
मी सांगते. नक्षीच्या सगळ्या माद्या. 😄

गुणसूत्र२८
ताई, तुम्ही पेपर फोडलात!

निमिष_प
पण कसं काय? 'पी' दुसऱ्या गुणसूत्रावर म्हणालात. लिंग तर वेगळ्या गुणसूत्रावर ठरतं.

गुणसूत्र२८
हाच तर किस्सा. माणसात पुरुषाचं वाय वेगळं. रेशीम अळीत उलट. नर झेडझेड, मादी झेडडब्ल्यू. डब्ल्यू असलं की मादी, आणि ते आईकडून लेकीकडेच जातं, लेकाकडे कधीच नाही.

१९४० च्या आसपास जपानमध्ये ताजिमा यांनी क्ष-किरणांचा मारा करून दुसऱ्या गुणसूत्राचा नक्षीवाला तुकडा तोडला आणि तो डब्ल्यूवर जाऊन चिकटलेली अळी शोधून काढली. तिथून पुढे नक्षी म्हणजे लेकींचं माहेरचं आडनाव झाली. आई नक्षीची, सगळ्या लेकी नक्षीच्या, सगळे लेक कोरे. पिढ्यान्‌पिढ्या. वर रेशीम अळीच्या मादीत गुणसूत्रांची आपसात अदलाबदल होतच नाही (तानाका यांनी हे १९१४ मध्ये दाखवलं), त्यामुळे डब्ल्यूवर चिकटलेला तुकडा निसटायची भीती नाही. निसर्गाने जणू गोंद लावून ठेवलाय.

हे खेळ म्हणून केलेलं नाही. बियाणं बनवणाऱ्याला अ वाणाची मादी आणि ब वाणाचा नर हवा असतो. पतंग बाहेर पडल्या पडल्या जोड्या लावतात, म्हणजे लिंग आधीच निवडावं लागतं, नाहीतर भाऊ-बहिणींचीच जोडी व्हायची. एकेक कोष कापून, कोषस्थ अळीचं पोट बघत बसण्यापेक्षा चौथ्या-पाचव्या अवस्थेत लांबूनच नक्षी बघून वेगळं करणं किती सोपं.

शंकासुर
म्हणजे अळीला जन्मापासून गणवेश घातलाय. बरं, पण मग त्या काचेच्या अळ्या? त्यांचा रंग गेला कुठे?

रसायनकाका
मुळात प्रश्न उलटा विचारायला हवा. बाकीच्या अळ्या पांढऱ्या *का* आहेत?

आपण पांढरा म्हणजे रंग नसणे असं धरून चालतो. रेशीम अळीत ते साफ चूक आहे. तिची कातडी मुळात पारदर्शकच. पांढरेपणा येतो तो यूरिक आम्लाच्या कणांमुळे. पक्ष्यांची विष्ठा पांढरी दिसते ती ज्या पदार्थामुळे, तोच. बहुतेक किडे तो बाहेर टाकतात. ही बाई मात्र त्यातला बराचसा कातडीच्या पेशींमध्ये बारीक बारीक कणांत साठवते. कणांवर प्रकाश विखुरतो आणि अळी खडूसारखी पांढरी दिसते. भिंतीला चुना मारलाय म्हणा ना.

चुना नसला की वीट दिसते. तुमची काचेची अळी म्हणजे चुना न मारलेली अळी.

तुतीपान
काका, हे वाचून उठलो आणि शेडमध्ये जाऊन बॅटरी लावून पाहिलं. काचेच्या अळीच्या खालून उजेड धरला तर श्वासाच्या काळ्या नळ्यांचं अख्खं जाळं दिसतं, झाडाच्या मुळांसारखं. साध्या अळीत नुसता दुधी कंदील.

गुणसूत्र२८
काकांना +१. जपानी लोक या अळ्यांना 'तेलकट' म्हणतात, कागदावर तेलाचा डाग पडला की तो जसा अर्धपारदर्शक होतो तशा. असे तेलकट प्रकार एक-दोन नाहीत, दोन डझनांच्या वर आहेत, आणि प्रत्येकात बिघाड वेगळ्या ठिकाणी. काकांच्या चुन्याचीच उपमा पुढे नेतो.

काहींत *चुना तयारच होत नाही*. यूरिक आम्ल बनवायला झँथीन डीहायड्रोजनेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं. एका तेलकट प्रकारात या विकराचंच जनुक मोडलेलं आहे. दुसऱ्यात विकर धड आहे, पण त्याला बसवायचा मॉलिब्डेनमचा सुटा भाग तयार करणारं जनुक मोडलंय. भट्टी आहे, पण तिची ठिणगी नाही.

काहींत *चुना भरपूर, पण डबे नाहीत*. यूरिक आम्ल बनतं, पण कातडीच्या पेशीत ते ठेवायच्या पिशव्याच नीट घडत नाहीत, मग सगळं बाहेर टाकलं जातं. यातल्या एका प्रकाराचं, 'ओडी'चं, जनुक २०१० मध्ये सापडलं: ब्लॉस-२. गंमत अशी की याच कुटुंबातली जनुकं माणसात बिघडली तर हर्मान्स्की-पुडलाक नावाचा आजार होतो. कातडी, केस फिके पडतात आणि रक्त लवकर थांबत नाही. कारण आपल्या रंगाच्या पिशव्या आणि रक्त गोठवणाऱ्या कणिकांमधल्या पिशव्या घडवणारा कारखाना तोच आहे. अळीत पिशवीत चुना, आपल्यात पिशवीत काळा रंग. पिशवीवाला एकच.

तुतीपान, आता एक महत्त्वाचा प्रश्न. डब्यातल्या त्या बारा-तेरा काचेच्या अळ्यांवर चंद्रकोर आहे का?

तुतीपान
थांबा, बघून येतो.

तुतीपान
तेरा आहेत. तेराच्या तेरांवर आहे!! अंगाच्या पारदर्शकपणामुळे चटकन कळत नाही, पण आहे. कोरी एकही नाही. हे कसं ओळखलंत?

गुणसूत्र२८
ओळखलं नाही, आशा केली होती. :)

'ओडी' झेड गुणसूत्रावर आहे. तसाच 'ओएस' नावाचा दुसरा तेलकट प्रकारही झेडवरच. नराकडे झेड दोन. एकावर बिघाड असला तरी दुसरं सांभाळून घेतं. मादीकडे झेड एकच, तेही बापाकडून आलेलं. ते बिघडलेलं आलं तर झाकायला कोणी नाही. म्हणजे असं झालं असणार: तुमच्या एका अंडीपुंजाचा बाप वरून पांढरा, पण एका झेडवर बिघाड बाळगून होता. त्याच्या निम्म्या लेकींना ते झेड गेलं. लेक मात्र सगळे वाचले. एका पुंजात चारशे-साडेचारशे अंडी, निम्म्या लेकी, त्यातल्या निम्म्या तेलकट, म्हणजे शंभरच्या आसपास. तुम्हाला एकाच कोपऱ्यात साठ-सत्तर दिसल्या, म्हणजे एकाच पुंजाची भावंडं ब्रशिंगपासून (नुकती निघालेली पिल्लं पाल्यावर सोडतात तेव्हापासून) साधारण जवळजवळ राहिली. हिशेब जुळतोय.

हाच बिघाड दुसऱ्या कुठल्या गुणसूत्रावर असता तर तेरापैकी निम्मे तरी कोरे नर दिसले असते. तेराच्या तेरा माद्या निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता ८,१९२ मध्ये एक.

शंकासुर
मी आता शांत बसून वाचतोय. एवढंच विचारतो, काळ्या रंगाचं काय? अंड्यातून निघताना तर सगळ्याच मुंगीसारख्या काळ्या असतात.

चॉकीवाली
यात माझं एक निरीक्षण आहे. फार पूर्वी मी कामाला होते तिथे जुने वाण जपून ठेवलेले होते. ब्रशिंगच्या दिवशी एका कागदावर काळ्याऐवजी विटकरी तपकिरी पिल्लं निघाली. मी घाबरले, वाटलं उबवणीत चूक झाली, उष्णता जास्त झाली. प्रमुखांचं बोलणंही खाल्लं. नंतर कळलं तो वाणच तसा, त्याला चॉकलेट म्हणतात. आमच्यातल्या कुणीच मला ते आधी सांगितलं नव्हतं. बोलणं काही कोणी परत घेतलं नाही.

गुणसूत्र२८
ताई, तुमच्या त्या चॉकलेटवरच सांगतो, कारण काळ्या रंगाची गोष्ट तिथूनच उलगडते. पाटाच्या पाण्यासारखं समजा.

मुख्य पाटाचं पाणी म्हणजे डोपामीन. ते टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून बनतं, आणि पाटाच्या तोंडाशी एक मोठं दार आहे: टायरोसिन हायड्रॉक्सिलेज. दार उघडलं की पाणी सुटतं. पुढे तीन फाटे. एक फाटा काळ्या वावरात जातो, मेलॅनिन बनतं. दुसरा पिवळसर-तांबूस वावरात. तिथे डोपामीनला बीटा-अ‍ॅलानीन जोडलं जातं. तिसरा बिनरंगी वावरात. कातडीच्या प्रत्येक भागात किती पाणी कोणत्या वावरात गेलं, त्यावर रंग ठरतो.

आता दारं बंद करून बघा.

काळ्या फाट्यावर 'यलो' नावाचं जनुक पाणी ओढून घेतं. ते मोडलं की काळं वावर अर्धवट भिजतं आणि पिल्लू विटकरी निघतं. तोच चॉकलेट. पिवळ्या फाट्याचं दार म्हणजे 'एबनी'. ते अडकलं की तिकडचं पाणी काळ्या वावरात तुंबतं आणि अळी धुरकट, काजळी धरल्यासारखी दिसते. तो 'सूटी'. ही दोन्ही जनुकं २००८ मध्ये एकाच शोधनिबंधात पक्की झाली. बिनरंगी फाट्याचं दार मोडलं तर? अळीचं डोकं आणि शेपटाकडची ढाल काळीकुट्ट, पुढे पतंगही काळपट. २०१० मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे हे शोधलं. म्हणजे दोन वेगवेगळी दारं, दोन्ही *बंद* झाल्यामुळे काळोख वाढतो, आणि तिसरं बंद झाल्यावर कमी होतो. रंग जास्त दिसतोय म्हणजे काहीतरी जास्तीचं आलं असेल असं आपल्याला वाटतं; इथे बहुधा काहीतरी गेलेलं असतं.

शंकासुरांसाठी खास: फळमाशीतसुद्धा याच जनुकांना यलो आणि एबनी म्हणतात. माशी आणि अळी वेगळ्या वाटांनी गेल्या त्याला कोट्यवधी वर्षं झाली, पाट मात्र तोच.

निमिष_प
आणि पाटाच्या तोंडाचंच दार मोडलं तर?

गुणसूत्र२८
मग मरण. डोपामीन फक्त रंगासाठी नसतं. कात टाकल्यावर नवी कातडी आणि जबडा टणक व्हायला तेच लागतं, आणि मज्जासंस्थेलाही. पण तोंडाचं दार *थोडं कमी* उघडलं तर अळी जगते आणि तपकिरी होते. याला लिंगसहलग्न चॉकलेट म्हणतात, हेही जनुक झेडवर. २०१० मध्ये दिसून आलं की त्यात विकर धड आहे, फक्त ते कमी बनतं. त्याचाच एक भयंकर भाऊ आहे, त्यात विकराच्या साखळीतलं एक अमिनो आम्लच बदललंय. ती पिल्लं जगत नाहीत.

झेडवर असल्यामुळे याचा एक सुरेख उपयोग होतो. बाप चॉकलेट, आई साधी. लेकी सगळ्या तपकिरी, लेक सगळे काळे. अंड्यातून बाहेर आल्या क्षणी, पहिलं पान खायच्या आधीच लिंग कळतं.

रसायनकाका
लिंबू राहिलं की हो.

गुणसूत्र२८
काका, मी मुद्दाम तुमच्यासाठी ठेवलं होतं.

रसायनकाका
तर मग मी लिहितो, माझी आवडती अळी आहे ती.

'लेमन' अळी. नावाप्रमाणे पिवळी. हिच्यात मेलॅनिनचं कुठलंच दार मोडलेलं नाही. मोडलंय ते सेपियाप्टेरिन रिडक्टेज नावाचं विकर. हे विकर बीएच-४ नावाचा एक मदतनीस रेणू बनवतं. आणि पाटाच्या तोंडाचं ते मोठं दार या मदतनीसाशिवाय हलत नाही. मोटारीत वंगण असतं तसा. विकर मंदावलं की आधीच्या पायरीवरचा माल साचतो, आणि तो साचलेला माल पिवळा असतो. म्हणजे अळीचा पिवळा रंग हा बनवलेला रंग नाही, रस्ता अडल्यामुळे मागे लागलेली गाड्यांची रांग आहे.

लेमनमध्ये वंगण कमी असलं तरी पुरतं, अळी ठणठणीत. तिच्या घातक भावंडात ('लेमन लीथल') वंगण संपतं. पिल्लू पहिली कात टाकतं आणि मग पाल्यावर बसून राहतं. भूक आहे, पाला आहे, पण जबडा मऊ. चावताच येत नाही. उपाशी मरतं. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा पिल्लांना बीएच-४ किंवा डोपामीन खाऊ घातलं तर त्यातली काही जगली. माणसाच्या मुलांतही याच विकराच्या अभावाचा एक दुर्मीळ आजार आहे, त्यांनाही डोपामीन बनायला मदत करणारं औषध देतात.

शिकवत असताना मी ही अळी फळ्यावर काढायचो. मुलांना क्रेब चक्रापेक्षा ती जास्त लक्षात राहायची.

चॉकीवाली
चावता न येणारी पिल्लं. वाचून कसंतरी झालं.

निमिष_प
एक शंका. पिवळा कोष देणाऱ्या वाणांच्या अळीचे पायसुद्धा पिवळट दिसतात. तेही लेमन का?

गुणसूत्र२८
नाही, ते पूर्ण वेगळं खातं. तो पिवळा पाल्यातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्याचा. आतड्यातून ते उचलायला एक बांधणारं प्रथिन लागतं. ते ज्यांच्यात धड आहे त्यांचं रक्त पिवळं, आणि पायाची कातडी पातळ म्हणून तिथून रक्ताचा रंग डोकावतो. पांढरा कोष देणाऱ्या बऱ्याच वाणांत या जनुकाचा एक तुकडाच गळालाय (हे २००७ मध्ये समजलं). म्हणजे शंकासुर, तुमचं पाल्याचं म्हणणं इथे अर्धं बरोबर: रंग पाल्यातून येतो, पण आत घ्यायचा की नाही हे जनुक ठरवतं.

पिवळ्या-पांढऱ्या कोषांवरूनच तर तोयामा कामेतारो यांनी १९०६ मध्ये दाखवलं की मेंडेलचे नियम रेशीम अळीलाही लागू आहेत. ते काही वर्षं सयाममध्ये काम करत होते, तिथले पिवळे वाण आणि जपानचे पांढरे यांचे संकर करून. मेंडेलच्या वाटाण्यांकडे जगाचं नुकतंच लक्ष गेलं होतं, आणि प्राण्यांतल्या अगदी सुरुवातीच्या पुराव्यांत ही अळी आहे. संकरित बियाणं वापरा हा आग्रहही त्यांचाच.

शंकासुर
एक शेवटचं. एवढे बिघाड जंगलातल्या अळीत का नाहीत?

तुतीपान
याचं उत्तर मी देऊ का, शेतकऱ्याच्या बाजूने? रानातली अळी करडी-तपकिरी, सालीसारखी. लहान असताना तर पक्ष्याची शिटच. तिथे पांढरी निघाली तर पहिला कावळा तिला उचलणार. माझ्या शेडला जाळी आहे. इथे काचेची, लिंबाची, चॉकलेटची, कोणीही या, पाला मी आणून देतो. पाच हजार वर्षं माणूस हेच करतोय. शिवाय मला वाटतं कोरी पांढरी अळी माणसाने आवडीने ठेवली असणार, कारण तिच्यावर रोगाचा डाग लगेच दिसतो. नक्षीच्या अळीवर मस्कार्डिनचा (बुरशीच्या रोगाचा) पहिला ठिपका शोधताना माझे डोळे जातात.

गुणसूत्र२८
हे लाखमोलाचं. भर घालतो: २००९ मध्ये २९ पाळीव आणि ११ रानटी अळ्यांचे जीनोम वाचून ताडून पाहिले, तेव्हा माणसाच्या निवडीच्या खुणा ३५४ जनुकांत दिसल्या.

आणि सगळेच रंग बिघाड नाहीत हेही नोंदवतो, नाहीतर मीच चुकीचं चित्र उभं करीन. 'मल्टिलूनर' अळीच्या बऱ्याच खंडांवर ठिपक्यांच्या जोड्या असतात. २०१३ मध्ये कळलं की तिथे डब्ल्यूएनटी-१ नावाचं जनुक, जे एरवी गर्भाचे खंड पाडायचं काम करतं, प्रत्येक मोल्टच्या संप्रेरकाबरोबर ठिपक्याच्या जागी जागं होतं. जनुक शाबूत, फक्त त्याला नव्या जागी, नव्या वेळी काम लागलं.

तुतीपान (बारा दिवसांनंतर)
धागा वर काढतोय. कोष कापले. नक्षीच्या वीस, कोऱ्या वीस, आधीच वेगळ्या ट्रेमध्ये ठेवल्या होत्या. मादीच्या पोटाच्या आठव्या खंडावर बारीक फुलीसारखी रेघ, नराच्या नवव्यावर नुसता ठिपका. भिंग घेऊन बसलो.

कोऱ्या: वीसपैकी वीस नर.
नक्षीच्या: वीसपैकी *एकोणीस* मादी. एक नर!

रात्रभर डोकं खाजवलं. सकाळी मुलीने कबूल केलं की ट्रे तिच्या हातून पडला होता आणि तिने अळ्या "जशा होत्या तशा" परत ठेवल्या. शेजारच्या रॅकवरची एक कोरी त्यात चढली असणार.

चॉकीवाली
विज्ञानाचं घोडं मुलीपाशी अडलं. रागावू नका तिला.

गुणसूत्र२८
आणि काचेच्या तेरांचं काय झालं?

तुतीपान
आठवडाभर थांबून सांगतोय. अकरांनी कोष केले. कोष जरा पातळ, पण पांढरेशुभ्र. अकराही माद्या, फुली स्पष्ट. परवा पहाटे पहिली पतंग बाहेर पडली, अंगाने इतर पतंगांसारखीच. कोऱ्या नराशी जोडी लावली, चार तासांनी सोडवली, कागदावर उलटा पेला ठेवून अंडी घेतली.

हे पिकासाठी नाही, एका ट्रेपुरती हौस आहे, त्यामुळे संकरित पिकाचं बियाणं घरी ठेवू नका हा सल्ला कोणी देऊ नये. मला ठाऊक आहे.

या पिलांत काय दिसेल?

गुणसूत्र२८
काही नाही! नर निर्दोष असेल तर सगळी पिल्लं पांढरी. लेकींना बापाचं चांगलं झेड मिळेल. लेकांना आईचं बिघडलेलं मिळेल, पण बापाचं त्याला झाकेल. त्या लेकांना त्यांच्याच बहिणींशी जोडा, मग पुढच्या पिढीत निम्म्या लेकी पुन्हा काचेच्या. तशा आल्या तर झेडवरचा बिघाड पक्का.

निमिष_प
म्हणजे दोन पिढ्या. साधारण तीन महिन्यांत उत्तर.

चॉकीवाली
तुतीपान, अंडी आज कोणत्या रंगाची आहेत?

तुतीपान
घालताना पिवळी होती. आज सकाळी पाहिलं तर करडी-जांभळी पडू लागली आहेत.

चॉकीवाली
मग झोपली ती, म्हणजे सुप्तावस्थेत गेली. दुबार वाण आहे. उबवायचं असतं तर घातल्यापासून वीस तासांच्या आसपास, पिवळी असतानाच, ४६ अंशाच्या कोमट आम्लातून चार-पाच मिनिटं काढायला हवी होती. काल विचारलं असतंत तर मीच करून दिलं असतं. आता शीतगृहाचं वेळापत्रक, कमीत कमी चार महिने. सहाचं केलंत तर उबवण आणखी चांगली.

शंकासुर
म्हणजे हा धागा थेट चार महिन्यांनी वर येणार. खूणगाठ मारून ठेवतो.

तुतीपान
बाकीच्या दहा कोषांतून अजून पतंग निघायच्या आहेत. ताई, आम्ल कुठल्या तीव्रतेचं, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आज रात्री झोपत नाही.